पलंगाखालच्या ३४० सीडी

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख वगळून)

मी स्वतःची गाणी स्वतः लिहिते, चाल लावते आणि गाते. नोकरी सांभाळून. पाठीशी कुठलीही कंपनी नाही. तीन वर्षांपूर्वी पहिला अल्बम काढला तेव्हा ५०० सीडी करून घेतल्या, कारण संख्या जास्त असली की एका सीडीचा खर्च कमी पडतो असं सांगण्यात आलं. त्यातल्या १६० गेल्या. ३४० पलंगाखाली खोक्यांत आहेत. आता दुसरा अल्बम तयार आहे : नऊ गाणी, ५२ मिनिटं. वर्षाला पंधरा-वीस कार्यक्रम होतात, बहुतेक छोटे, पन्नास ते ऐंशी श्रोत्यांचे. नवरा म्हणतो, सीडी ऐकायला आता कुणाकडे यंत्रच नाही, ऑनलाइन टाक आणि मोकळी हो. माझ्याबरोबर वाजवणारे दोघं म्हणतात, व्हिनाइलची तबकडी काढ, सध्या तिचीच चलती आहे. मला मात्र हातात धरता येईल असं काही नसेल तर अल्बम झाला असं वाटतच नाही. हा माझा हट्ट आहे का? आणि काढायचाच, तर कशावर आणि किती प्रती?

ता. क. कार्यक्रमानंतर स्वतःच्या सीडी विकताना मला फार संकोच होतो. पण तो वेगळा विषय.

उत्तर

प्रिय मैत्रीण,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती. पहिली खूण केली ती एका क्रियापदाखाली. ‘१६० गेल्या’ असं तुम्ही लिहिलंय. ‘विकल्या’ असं नाही. किती विकल्या, किती वाटल्या, किती नातेवाइकांनी ‘अगं, दे ना एक’ म्हणत नेल्या, याचा पत्ता अख्ख्या पत्रात लागत नाही. दुसरी खूण ता. क.च्या शेवटच्या वाक्याखाली : ‘पण तो वेगळा विषय.’ तिसरी गोष्ट पत्रात नव्हतीच. ती पाकिटातून बाहेर पडली. तुमच्या पहिल्या अल्बमची सीडी, सोबत चिठ्ठी : ‘सहज, ऐकायला.’ म्हणजे हिशेबाने पलंगाखाली आता ३३९.

संकोचाकडे येतेच. तो वेगळा विषय आहे असं मला वाटत नाही. पण आधी घरातला वाद बघू.

तुमच्या यजमानांचं म्हणणं अर्धं खरं आहे. सीडी वाजवायची सोय आता सहसा ना नव्या लॅपटॉपमध्ये असते, ना नव्या गाडीत. माझ्याकडेही ती नाही. तुमची सीडी मी सीडी म्हणून ऐकलीच नाही. मागे छापलेलं नाव फोनवर शोधलं आणि गाणी तिथे ऐकली. चौथं गाणं दोनदा. ऐकताना हातात तुमची पुस्तिका मात्र होती. त्या गाण्याच्या मधल्या जागेत सारंगी कुणी वाजवली हे मला तिच्यात सापडलं. फोनवर ते नाव कुठेच नव्हतं. दुसऱ्या कडव्यातला जो शब्द मी चुकीचा ऐकत होते, तोही पुस्तिकेनेच दुरुस्त केला.

आणखी एक कबुली. माझ्या कपाटात गेल्या सहा-सात वर्षांत विकत घेतलेल्या अकरा सीडी आहेत. एकही वाजलेली नाही. एकीवर सही आहे, एकीत त्या संध्याकाळचं तिकीट खोचलेलं आहे, एक केवळ मुखपृष्ठावरच्या चित्रासाठी घेतली. मी एकटीच अशी असते तर हे सांगितलं नसतं. संगीताच्या खपाची मोजदाद करणाऱ्या ल्युमिनेट या अमेरिकी संस्थेने २०२३च्या अहवालात म्हटलं होतं, की तिथे वर्षभरात व्हिनाइल विकत घेणाऱ्यांपैकी निम्म्यांकडेच रेकॉर्ड प्लेअर आहे. उरलेले निम्मे काय करतात त्या तबकड्यांचं? बहुधा मी करते तेच.

तेव्हा ‘वाजवणार कशावर?’ हा प्रश्न घेणाऱ्याला फारसा पडतच नाही. गाणं त्याच्या फोनवर आधीच असतं. हातातली वस्तू त्याला दुसऱ्याच कशासाठी तरी हवी असते, आणि ते कशासाठी, हे ओळखलंत की माध्यम आणि संख्या बऱ्यापैकी आपोआप ठरतात.

हट्टाचं म्हणाल, तर तो ‘अल्बम’ या शब्दाइतकाच जुना आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांच्या काळात एका बाजूवर तीन ते पाच मिनिटंच मावायची. मोठी रचना असली की चार-पाच तबकड्या लागायच्या आणि त्या विकल्या जायच्या बांधणी केलेल्या जाडजूड वहीत, पानापानाला एक खिसा. फोटोंच्या अल्बमसारखी दिसायची म्हणून तिला अल्बम म्हणू लागले. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी आणली, सगळं एका तबकडीच्या दोन बाजूंवर आलं, वही गेली, नाव राहिलं. म्हणजे अल्बम हे मुळात संगीताचं नावच नव्हतं, ते वेष्टणाचं होतं! तुम्हाला हातात काही धरावंसं वाटतं त्यात वेडेपणा काही नाही.

हट्ट बरोबर असला तरी ५०० प्रती बरोबर ठरत नाहीत. व्हिनाइलही ठरत नाही.

व्हिनाइलचं आधी उरकते. तुमच्या मित्रांनी बातमी खरीच ऐकली आहे : अमेरिकेत २०२२ मध्ये व्हिनाइलच्या सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या खपल्या आणि सीडी सुमारे ३ कोटी ३० लाख. नगांच्या हिशेबात व्हिनाइल पुढे जाण्याची ही १९८७ नंतरची पहिलीच वेळ. पण या बातमीत ज्यांच्या तबकड्या लाखांनी खपतात ते कलाकार आहेत आणि जुन्या गाजलेल्या अल्बमांच्या नव्या आवृत्त्याही आहेत. ऐंशी श्रोत्यांच्या खोलीबद्दल ती काहीच सांगत नाही.

तुमच्या बाबतीत तर अडचण त्याहून साधी आहे. ५२ मिनिटं. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर, ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने, अठरा ते बावीस मिनिटं सुखाने बसतात. तुमची येतात सव्वीस. बसवता येतात, नाही असं नाही, पण तबकडीवरच्या खाचा एकमेकींच्या अगदी जवळ कोराव्या लागतात, आवाजाची पातळी खाली आणावी लागते आणि शांत जागांमध्ये तबकडीची खरखर वर येते. नाहीतर दोन तबकड्यांचा संच, म्हणजे जवळपास दुप्पट खर्च. नाहीतर दोन गाणी वगळा. कोणती वगळाल?

शिवाय सुई जसजशी मध्याकडे सरकते तसतसं एका फेऱ्यात वाट्याला येणारं अंतर कमी होतं आणि तीव्र, उंच आवाज फाटायला लागतात. गायकांच्या बाबतीत याचा पहिला बळी म्हणजे ‘स’ आणि ‘श’. ते फुत्कारतात. म्हणून जोरकस गाणं बाजूच्या शेवटी ठेवत नाहीत, हळुवार ठेवतात. खालचे, ढोलासारखे आवाज डाव्या-उजव्या कानांत फार विखुरलेले असतील तर सुई उडू शकते, म्हणून तेही मध्यावर आणावे लागतात. थोडक्यात, तुमच्याकडे तयार असलेला मास्टर, म्हणजे प्रती काढण्यासाठीचं अंतिम ध्वनिमुद्रण, चालणार नाही, तबकडीसाठी वेगळा करावा लागेल. मग चाचणीच्या प्रती येतात, आणि त्या कानात तेल घालून ऐकाव्याच लागतात. उत्साहाच्या भरात न ऐकताच ‘चालेल’ कळवणाऱ्याला पुढे सगळ्या तबकड्यांत तीच टिकटिक ऐकावी लागते. यात कित्येक आठवडे जातात, कधी महिने. माल जड असतो, टपालखर्च बोचतो आणि उन्हात राहिलेली तबकडी वाकते.

मी व्हिनाइलच्या विरोधात नाही. तुमचे दीडशे श्रोते नावानिशी पैसे आधी भरायला तयार झाले तर जरूर काढा. तिसऱ्या अल्बमला. आणि तो ध्वनिमुद्रित करण्याआधीच चाळीस मिनिटांच्या आत बसवा.

कॅसेटही काही जण सुचवतील. १९६३ मध्ये फिलिप्सने आणलेली ही वस्तू पुन्हा हौसेने निघते आहे, पन्नास-शंभर प्रतीही करून मिळतात आणि दिसते गोड. तुमचे श्रोते त्या हौसेतले असतील तर ठीक. पत्रावरून मला तसं वाटलं नाही.

आता सीडी. ‘संख्या जास्त तर एकीचा खर्च कमी’ हे तुम्हाला कुणी सांगितलं असेल, त्याने खोटं सांगितलं नाही. सीडी दोन प्रकारे होतात. प्रेस केलेली, म्हणजे काचेवर मास्टर करून त्यावरून धातूचा ठसा बनवतात आणि त्या ठशाने वितळलेल्या पॉलिकार्बोनेटच्या चकत्या काढतात. ठसा बनवण्याचा खर्च एकदाच असतो, म्हणून प्रती वाढल्या की तो वाटला जातो, आणि म्हणूनच तीनशे-पाचशेच्या खाली असं काम घ्यायला कारखाने नाखूश असतात. दुसरी बर्न केलेली. तिच्यात लेझर रंगद्रव्याच्या थरावर खुणा करतो, ठसा लागतच नाही, पन्नास प्रतीही निघतात. ती कमी टिकाऊ, ऊन आणि उष्णता तिला सोसत नाही, काही जुनी यंत्रं ती वाचायला कुरकुरतात. पण जी बहुधा वाजणारच नाही, तिच्या टिकाऊपणावर किती पैसे घालायचे?

खरी गोम पुढे आहे. केलेल्या प्रतीचा खर्च वेगळा आणि विकलेल्या प्रतीचा वेगळा. समजा, शंभर प्रती प्रत्येकी ५ मापांत (माप म्हणजे पैशाचं कुठलंही एकक धरा) पडल्या, एकूण ५००. पाचशे प्रती प्रत्येकी २ मापांत, एकूण १०००. आणि दोन्हीकडे विकल्या गेल्या ८०. पहिल्या हिशेबात विकलेली प्रत पडली सव्वासहाला. दुसऱ्यात साडेबाराला! स्वस्त म्हणून घेतलेली सीडी दुप्पट महाग पडली, वर पलंगाखालची जागा गेली ती वेगळीच.

तर माझं मत : शंभर प्रती. बर्न केलेल्या चालतील. डिस्कवर वाचलेले सगळे पैसे कागदावर घाला. प्लॅस्टिकची ती कडक डबी नको, टपालात तिची बिजागरी हमखास तुटते. जाड कार्डाचं पाकीट करा आणि आत चांगली पुस्तिका. मधे पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत लागतात. सोळा पानांत नऊ गाण्यांचे शब्द, कुणी काय वाजवलं, कुठे आणि कधी ध्वनिमुद्रण झालं, हे ऐसपैस बसेल. एखाद्या गाण्याचा खाडाखोड केलेला पहिला खर्डा असेल तर तो जसाच्या तसा छापा. मी तर त्याच पानासाठी घेईन. शेवटच्या पानावर क्यूआर कोड द्या, पण त्याने स्ट्रीमिंगच्या पानावर थेट नेऊ नये. तो तुमच्या स्वतःच्या मालकीच्या पत्त्यावर न्यावा, जिथून गाणी उतरवून घेता येतील. सेवा बदलतात, बंद पडतात, दुवे मरतात. पत्ता तुमचा असेल तर आतलं पान कधीही बदलता येईल, छापलेला कोड फुकट जाणार नाही.

अगदी धीट असाल तर डिस्क काढूनच टाका. नुसती पुस्तिका आणि कोड. काहींना ते अपुरं वाटतं, चकती हाताला लागली की समाधान होतं. तुमच्या श्रोत्यांना काय वाटेल ते तुम्ही त्यांनाच विचारा. दहा जणांना विचारलं तरी कळेल.

शंभरच का? वर्षाला पंधरा-वीस कार्यक्रम आणि प्रत्येकाला पाच प्रती धरल्या तर पंचाहत्तर ते शंभर होतात. पाच हा अंदाज नव्हे. ते एक लक्ष्य समजा आणि पहिल्या सहा कार्यक्रमांत तपासा. एका वहीत चार रकाने आखा : तारीख, श्रोते, विकल्या, दिल्या. ‘गेल्या’ असा रकाना ठेवू नका. खर्चाच्या तिप्पट किंमत ठेवलीत तर चौतिसाव्या प्रतीला शंभर प्रतींचा खर्च निघतो. तिप्पट ऐकून दचकू नका, कारण त्यातच टपाल, खराब निघालेल्या प्रती, ऑनलाइन विक्रीमंचाचा वाटा आणि फुकट द्यायच्या प्रती बसवायच्या आहेत. फुकट प्रतींची यादी आधी करायची, नावानिशी. पंधरा. वादक पहिले. सोळावा कोणीही असो, मावशी असो की साहेब, विकत घेईल.

छापायला टाकण्याआधी महिनाभर आगाऊ नोंदणी घ्या. चाळीस जणांनी पैसे भरले तर शंभर करा, पंधराच आले तर पन्नास. यात दोन चुका हमखास होतात. एक, टपालखर्च मनाने धरणं. एक नमुना पाकिटात घालून, चिकटपट्टी लावून, खरोखर तोलून या. दुसरी, नमुना प्रत हातात यायच्या आधीच तारीख जाहीर करणं. आणि नोंदणी वाढावी म्हणून टी-शर्ट, मग, पिशव्या यांच्या नादी लागू नका. गायिकेची गोदामवाली होते.

आता ऑनलाइनचं. ‘ऑनलाइन टाक आणि मोकळी हो’ यातलं पहिलं करा, दुसरं होणार नाही. स्ट्रीमिंगवर गाणी असायलाच हवीत, नाहीतर माझ्यासारखीला तुमचं चौथं गाणं सापडलंच नसतं. मात्र तिथून घर चालेल या भ्रमात राहू नका. एका वेळच्या ऐकण्याला ठरलेला दर नसतो. सेवेकडे जमा झालेल्या रकमेतला वाटा मिळतो, आणि स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की मागच्या बारा महिन्यांत हजार वेळाही न ऐकलं गेलेलं ध्वनिमुद्रण त्या वाट्याच्या हिशेबातच धरायचं नाही. नऊ गाण्यांपैकी किती हजार ओलांडतील हे पहिल्या अल्बमचे आकडे बघून तुम्हालाच सांगता येईल. थेट विक्रीसाठी बँडकॅम्पसारखी जागा वेगळी. २००८ पासून आहे, डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के घेते, पैसे पोचवण्याचा खर्च वर. मुख्य म्हणजे घेणाऱ्याचा पत्ता तुमच्या हाती लागतो. स्ट्रीमिंगवर तुम्हाला शंभर जणांनी ऐकलं एवढंच कळतं, ते शंभर कोण हे कधीच कळत नाही.

फुकट मिळणारी गोष्ट कोण विकत घेईल, ही धाकधूक तुमच्या पत्रात ओळींच्या मधे आहे. लॉस एंजेलिसचा रॅपर निप्सी हसल याने २०१३ मध्ये आपली गाणी सर्वांना फुकट उतरवून घेऊ दिली आणि त्याच गाण्यांच्या हजार सीडी प्रत्येकी १०० डॉलरना विकायला काढल्या. लोकांनी घेतल्या. त्याच्यामागे तेव्हाच मोठा चाहतावर्ग होता, म्हणून किमतीची नक्कल नको. पण गाणं फुकट असूनही वस्तू विकली जाते, हे त्यातून घ्यायला हरकत नाही.

आता ता. क.

तुम्ही लिहिलं नाहीत, तरी कार्यक्रम संपल्यावर काय होतं ते मी सांगू का? तुम्ही वायरी गुंडाळायला लागता. ते काम दुसरं कुणीही करू शकतं, तरी तुम्हीच करता. दाराशी टेबलावर सीडी आहेत, तिथे ओळखीतला एखादा मुलगा बसलेला आहे आणि तो फोनमध्ये बघतोय. किंमत कुठेही लिहिलेली नाही. कुणी हातात घेतलीच तर तो म्हणतो, ‘थांबा, ताईंना विचारतो.’ तोवर माणूस बाहेर. हे मी मनाने रंगवलं आहे, चुकत असेन तर कळवा. पण अशा टेबलापाशी मी स्वतः उभी राहिले आहे, एकदा नव्हे तीनदा, आणि तिन्ही वेळा रिकाम्या हातांनी घरी गेले. मला सीडी नको होती असं नाही. मला त्या गायिकेशी दोन शब्द बोलायचे होते. तेवढं धाडस होत नाही म्हणून सीडी घ्यायचं निमित्त हवं होतं. समोर गायिकाच नाही, मग निमित्त घेऊन काय करू?

विकणं म्हणजे मागणं, असं तुम्हाला वाटतं. घरात गाणं हौस म्हणून वाढलेलं असलं की हे फार खोल बसतं. पैशाचं नाव काढलं की सूर भ्रष्ट होतो असं काहीतरी. पण त्या क्षणी टेबलाच्या दोन्ही बाजूंना संकोच असतो. ऐकणाऱ्याच्या आत काहीतरी हललेलं असतं, टाळ्या वाजवून संपलेल्या असतात आणि त्याचं पुढे काय करायचं हे त्याला समजत नाही. सरळ घरी गेला तर ते वाटेतच विरून जाणार, हे त्यालाही माहीत असतं. तुम्ही सीडी फुकट हातात कोंबलीत तर त्याचीच पंचाईत होते. द्यायचं त्याला होतं, आणि देऊन बसलात तुम्ही.

तेव्हा वायरी वादकांवर सोपवा आणि टेबलापाशी जा. पैसे घ्यायला दुसरं माणूस ठेवा, म्हणजे तुम्हाला नुसतं बोलता येईल. किंमत मोठ्या अक्षरांत, सुट्ट्यांची भानगड होणार नाही अशी पूर्ण रक्कम, आणि फोनवरून पैसे देण्याची सोय. चालणारं पेन. दोन चालणारी पेनं. सही करताना नाव विचारा आणि कसं लिहितात तेही विचारा. ‘इच्छेनुसार द्या’ असली पाटी लावू नका. ती उदार दिसते, पण किती दिले तर कमी दिसणार नाही या विवंचनेत माणूस टेबलापासून लांबच राहतो. लावायचीच असेल तर ‘किमान इतके’ लिहा.

आणि हे मंचावरून सांगा. शेवटच्या गाण्यानंतर सांगून उपयोग नाही, तेव्हा लोक पायताणं शोधत असतात. शेवटून दुसऱ्या गाण्याआधी, एका दमात : ‘आता जे गाणार आहे त्याचे शब्द नव्या अल्बमच्या पुस्तिकेत आहेत. कार्यक्रमानंतर मी टेबलापाशी आहे, भेटू.’ बस्स. ‘जमलं तर’, ‘आवडलं असेल तर’, ‘सक्ती नाही हं’ यातलं काहीही जोडू नका. आरशासमोर दहा वेळा म्हणून बघा. तान घोटता तसं घोटा. अकराव्या वेळी ओशाळं वाटायचं थांबेल, असं मी म्हणत नाही. तसंच वाटत असताना म्हणता येऊ लागेल.

पलंगाखालच्या ३३९चं काय? फेकू नका आणि फुकटही वाटू नका. ज्यांनी त्या पैसे देऊन घेतल्या त्यांच्यासमोर त्यांचा ढीग लावणं बरं दिसत नाही. वीस बाजूला काढून ठेवा, दहा वर्षांनी कुणीतरी शोधत येईल. बाकीच्यांतून दर कार्यक्रमाला पाच-सहा घेऊन जा आणि नव्यासोबत जोडी म्हणून ठेवा, वेगवेगळ्या घेण्यापेक्षा थोड्या कमी किमतीत. डब्या तुटल्या असतील तर कार्डाच्या पाकिटात घाला आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी जोडा : ‘हे मी आधी गायले.’ खोकी ओल आणि उष्णता यांपासून दूर, सीडी उभ्या. तरी दोनेकशे उरतीलच. उरू देत. काही चुकांना घरात जागा द्यावी लागते. माझ्याकडेही एका कवितासंग्रहाची खोकी माळ्यावर आहेत आणि त्या विषयावर आमच्याकडे कुणी बोलत नाही.

एक कोरडी गोष्ट राहिली. नऊच्या नऊ रचना तुमच्याच आहेत ना? एखादी चाल किंवा कविता दुसऱ्याची असेल तर मंचावर गाण्याची परवानगी आणि प्रती काढून विकण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी लेखी घ्या. वादकांशीही एका कागदावर ठरवून टाका : एकरकमी, की विक्रीत वाटा. मुखपृष्ठाच्या चित्रकारालाही विचारा, त्याने होकार फक्त ऑनलाइन वापरासाठी दिला असेल. मैत्रीतली भांडणं याच कागदाअभावी होतात, आणि तीही बहुतेक वेळा अल्बम थोडाफार चालायला लागल्यावर.

जाता जाता, तुम्ही पाठवलेली सीडी उलटसुलट करून पाहिली. पुस्तिकाही चाळली. किंमत कुठेच छापलेली नाही. तेवढी कळवा, पैसे पाठवते. आणि वहीत माझी नोंद तिसऱ्या रकान्यात करा.